मुलगा केरीच्या पठारावरून उडतो. अडवू की नको?

मांद्र्याची आई

नमस्कार. मी मांद्र्याची. आमचा धाकटा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. जानेवारी २०२५ मध्ये केरीला (पेडण्यातली केरी, सत्तरीतली नव्हे) पॅराग्लायडिंगचा अपघात झाला, तो इथल्या बहुतेकांना आठवत असेल. पुण्याहून आलेली तरुण मुलगी आणि तिला घेऊन उडणारा नेपाळी पायलट, दोघंही गेली. धंदा चालवणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. आमच्या भागात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता.

आणि आमचा हा त्या अपघातानंतर शिकायला गेला. नंतर! हेच माझ्या डोक्यात शिरत नाही. घरी सांगितलं "कंपनीचं ट्रेनिंग आहे" आणि गेला कामशेतला. तिथून कोर्स करून आला, एका मित्राकडून जुनी विंग (डोक्यावर फुगतो तो कापडी पंख) घेतली, तिचे हप्ते अजून चालू आहेत. ती भलीमोठी पिशवी देवघराशेजारच्या खोलीत असते. केर काढताना मी तिला हात लावत नाही, बाजूने काढते. रविवारी दुपारी जेवण झालं की हा पठारावर. विचारलं की म्हणतो, "आई, भिऊ नको गो, सगळं बघून करतो."

आता नवीन काढलंय. नोकरी सोडणार, हिमाचलात बीरला जाऊन पुढचं शिक्षण घेणार आणि टँडेम पायलट होऊन, म्हणजे एकाच विंगखाली सोबत घेऊन, टुरिस्टांना उडवणार. यजमान म्हणतात, एकदा हात मोडला की आपोआप थांबेल. त्यांच्याकडून तेवढंच.

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. जिथे माणसं मेली तिथेच जावंसं का वाटतं या मुलांना? आणि मी त्याला अडवावं का? "आजकालची पिढी" हे उत्तर कृपया नको, ते मला घरबसल्या मिळतं.

पर्वरीकर

ताई, राग मानू नका, पण उत्तर सोपं आहे. रीलसाठी करतात. फोन काढून घ्या आणि मग बघा किती उडतो ते. दुसरं म्हणजे नोकरी आहे, वय झालंय, मुलगी बघा. संसार पाठीवर बसला की पॅराशूट आपोआप उतरतं. आम्हीही तरुणपणी मांडवीत पुलावरून उड्या मारायच्या गोष्टी करत होतो. लग्न झालं, विषय संपला.

भूगोलवाले सर

ताई, मी पेडणे तालुक्यातल्याच एका हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि केरीला उडतो. म्हणजे माझं मत एका बाजूचं आहे असं धरूनच पुढे वाचा. तुमच्याकडे हा प्रश्न आई विचारते, आमच्याकडे बायको विचारते, एवढाच फरक.

पर्वरीकरांचं आधी उरकतो. रीलसाठी माणूस एकदा उडतो, तेही दुसऱ्याच्या मांडीवर बसल्यासारखा. रीलसाठी कोणी मार्चच्या उन्हात किनाऱ्यावर उभं राहून तासन्‌तास कापड डोक्यावर तोलत बसत नाही. शिकण्याचा मोठा भाग हाच असतो. पाय जमिनीवर, विंग डोक्यावर, वारा जरा फिरला की आपण फरफटत जाणार आणि बाजूला क्रिकेट खेळणारी पोरं हसणार. तुमच्या मुलाने हे केलं असेल. त्याचा व्हिडिओ कोणी टाकत नाही. आणि लग्नाचं म्हणाल तर मी लग्न झाल्यावरच शिकलो.

तो जिथे जातो ती जागा आधी समजून घ्या, म्हणजे तुमच्या मनातलं चित्र बदलेल. खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळेच शाळेत पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. दुपारपर्यंत जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला आत येते. हिवाळा-उन्हाळ्यात आपल्याकडे हा दुपारचा वारा साधारण वायव्येकडून येतो आणि हरमल-केरीच्या कड्यावर आदळतो. पुढे वाट नाही, म्हणून कड्याला घासून वर चढतो. त्या वर चढणाऱ्या हवेत विंग ठेवली की इंजिन लागत नाही. कड्यासमोर इकडून तिकडे, तिकडून इकडे, वारा असेपर्यंत तरंगत राहता येतं. हा पट्टा अरुंद असतो. पठाराच्या काठावरून आत गेलात की तीच हवा गुंडाळत खाली येते. तिला आम्ही रोटर म्हणतो. तिथे विंग मिटू शकते आणि जमीन इतकी जवळ असते की सावरायला उंचीच उरत नाही.

आता थोडं गणित. साध्या विंगचा हवेतला वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. समोरून वारा २० चा असेल तर तुम्ही आरामात पुढे जाता. वारा ३५ च्या पुढे गेला की तोंड समुद्राकडे असूनही जागच्या जागी थांबता. त्याहून वाढला की उलटे मागे सरकू लागता, आणि मागे काय आहे ते वर सांगितलंच. त्यात कड्याच्या माथ्यावर वारा आवळला जाऊन आणखी जोरात वाहतो. खाली वाळूवर छान झुळूक असते तेव्हा वर उभं राहवत नाही. म्हणून आम्ही आधी समुद्राकडे बघतो. दूरवरच्या लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस फुटायला लागला असेल तर वारा वाढतोय. नवशिक्याने तेव्हा पिशवी उघडूच नये.

एवढं सगळं लिहिलं कारण तुम्ही विचारलंत, माणसं मेली तिथेच हा का गेला. अपघात झाल्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतं, नशीब. दुसरं म्हणतं, कसं झालं ते मला कळलं पाहिजे. तुमचा मुलगा दुसऱ्यातला असावा असा माझा अंदाज. त्या दिवशी नेमकं काय घडलं यावर मी बोलणार नाही, तपास माझा नाही. पण त्यानंतर आमच्यातल्या प्रत्येकाने घरी जाऊन आपला हार्नेस, म्हणजे विंगखाली बसायची पट्ट्यांची बैठक, तपासला, हे खरं.

भीती वाटते का? वाटते. काठावर उभा राहिलो की माझं तोंड अजूनही कोरडं पडतं. याचं शास्त्र धुंडाळणारे बरेच होऊन गेले. मार्विन झुकरमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये माणसाची उत्तेजनेची भूक मोजायची प्रश्नावली बनवली. काही माणसांना कंटाळा लवकर येतो, त्यांना तीव्र अनुभव लागतात, असं ते सांगणं. थोडं खरं आहे. पण मी तर वर्गात एकच धडा वर्षानुवर्षे शिकवतो आणि मला कंटाळा येत नाही, मग मी का उडतो? मला स्टीफन लिंग या समाजशास्त्रज्ञाचं जास्त पटतं. तो स्वतः स्कायडायव्हिंगवाल्यांना वर नेणारं विमान चालवायचा. १९९० मध्ये त्याने मांडलं की या लोकांना धोका नको असतो. धोक्याच्या काठावर सगळं हाताबाहेर जायच्या बेतात असताना आपल्या कौशल्याने ते हातात ठेवता येतं, हे त्यांना हवं असतं. आणि तो असंही म्हणतो की ज्यांच्या रोजच्या कामात स्वतःच्या निर्णयाला जागा नसते, त्यांना ही ओढ जास्त असते.

आता वेर्ण्याची शिफ्ट डोळ्यांपुढे आणा. कपडे ठरलेले, वेळ ठरलेली, कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलेलं. चूक झाली तर मेमो, बरोबर केलं तर काहीच नाही. आणि रविवारी पठारावर? वारा वाचायचा त्याने, उडायचं की नाही ठरवायचं त्याने, वळायचं कधी तेही त्यानेच. परिणाम लगेच आणि त्याच्याच अंगावर. वर असताना मला गृहकर्जाचा हप्ता आठवत नाही, न तपासलेले पेपर आठवत नाहीत. भीतीच बाकी सगळ्याला बाहेर ठेवते. ज्याला आपण शांत वाटणं म्हणतो ते मला तिथे मिळतं, आणि हे घरी सांगितलं की बायको म्हणते, "मग देवळात जाऊन बसा." तिचंही चूक नाही.

शिवोलीला सांजांवाच्या सणाला, २४ जूनला, डोक्यावर कोपेल (पानाफुलांचा मुकुट) घालून पोरं भरल्या विहिरीत उड्या मारतात. त्यांना कोणी "का" म्हणून विचारत नाही, उलट जावयाला ढकलतात. सगळं गाव मिळून केलं की सण, एकट्याने केलं की वेड. असो, विषयांतर झालं.

आता काळजीचं. तुमची काळजी खरी आहे, पण मला वाटतं ती चुकीच्या दारावर उभी आहे. तो रविवारी उडतो याची मला फारशी भीती वाटत नाही. तो उद्या उडण्यावर पोट भरणार, याची वाटते.

कारण रविवारी उडणाऱ्याजवळ एक मोठी गोष्ट असते. तो न उडता घरी येऊ शकतो. वारा वाढला, विंगची एखादी दोरी संशयास्पद वाटली, रात्रपाळीची झोप झालेली नाही, कारण काहीही असो, पिशवी उचलली की संपलं. टँडेमवाल्याचं तसं नसतं. खाली गिऱ्हाईक रांगेत, मुंबईहून आलेलं, उद्या परत जाणारं. सूर्यास्त जवळ येतोय. पैसे उड्डाणाप्रमाणे मिळतात, दिवसाप्रमाणे नाही. मोसम पावसाआधी संपणार, तेवढ्यात वर्षाचं कमवायचं. अशा वेळी लाटांवरचा फेस दिसत असूनही "अजून एक घेऊ" असं माणूस स्वतःलाच सांगतो. आणि पुढे बसलेल्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच कळत नसतं. त्याने धोका निवडलेलाही नसतो, त्याने दहा मिनिटांची मजा विकत घेतलेली असते.

मोठ्या नावांकडे बघा. अमेरिकन गिर्यारोहक ॲलेक्स होनोल्ड २०१७ च्या जूनमध्ये तिकडचा एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरचा सरळसोट कडा दोराशिवाय चढला, चार तासांच्या आत. सगळं जग तेच सांगतं. त्याच्या आधी २०१६ मध्ये तो याच कड्यावर चढायला लागून मध्येच थांबला होता, आज जमत नाही म्हणून. मला त्याचं हे थांबणं जास्त मोठं वाटतं. दुसरा स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर, ज्याने ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे ३९ किलोमीटरवरून उडी मारली. तो जुलै २०२५ मध्ये इटलीत मोटर लावलेल्या पॅराग्लायडरच्या अपघातात गेला. कारणांत मी शिरत नाही. पण एवढा अनुभव असलेला माणूसही आमच्यासारख्याच खेळात जाऊ शकतो, हे मी आमच्या नव्या पोरांना मुद्दाम सांगतो.

तुमचा मुलगा आत्ता ज्या टप्प्यावर आहे तोच सगळ्यांत वाईट. अगदी नवखा घाबरलेला असतो म्हणून नियम पाळतो. जुन्याला खरंच थोडं कळायला लागलेलं असतं. मधला मात्र दुसऱ्या मोसमात "मला जमतंय" म्हणू लागतो आणि अवघड वाऱ्यात हात घालतो. आमच्यात याला इंटरमीडिएट सिंड्रोम असं भारी नावही आहे.

तर अडवू नका, पण विचारा. "उडलास का" हे विचारू नका, "कधी न उडता परत आलास" हे विचारा. उत्तर चटकन आलं तर बरं. आठवावं लागलं किंवा "आपण तर जाऊ तेव्हा उडतोच" असं म्हणाला, तर मला सांगा, मी स्वतः बोलतो. आणि त्या पिशवीला हात लावा. आत विंगशिवाय आणखी एक छोटं पॅराशूट असतं, विंगने दगा दिला तर उघडायचं, रिझर्व्ह. ते सहा महिन्यांतून एकदा, फार तर वर्षातून एकदा उघडून, हवा लागू देऊन पुन्हा नीट घडी घालायचं असतं. आपल्याकडच्या दमट हवेत तर नक्कीच. जुन्या सामानात ही घडी शेवटची कधी घातली त्याची नोंद असते. तारीख बघा.

तळ दिसतो

मी मालवणची, कामाला वास्कोत. ग्रँडे बेटावर टुरिस्टांना स्कूबाला नेते. सर, बाकी सगळं पटलं, पण पोटासाठी करणारे सगळे "अजून एक घेऊ"वालेच असतात असं वाचून जरा लागलं.

काकी, मी तुमच्या मुलाच्या जागेवरून सांगते. माझी आईही सुरुवातीला रोज रडायची. खाली पहिल्यांदा गेले तेव्हा फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता, घरातलं भांडण नाही, मोबाइल नाही. मग हेच काम करायचं ठरवलं. पण मी कामाला लागताना मालकाला एकच विचारलं होतं: मी "नाही" म्हटलं तर पैसे कोणाचे जाणार?

रोज नाही म्हणावं लागतं, काकी. फॉर्मवर दमा नाही असं लिहितात आणि बोटीवर पंप काढून ओढतात. सकाळी स्कूबा, संध्याकाळी मोपाहून विमान, असा बेत करून येतात. पाण्याखालच्या दाबात श्वास घेतला की नायट्रोजन अंगात जास्त विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. एका साध्या डाईव्हनंतरही निदान १२ तास विमान नको, जास्त डाईव्ह केल्या तर १८. सांगितलं की भांडतात, "काही होत नाही हो". पैसे परत मागतात. मी ज्यांच्याकडे आहे तिथे मालक पैसे परत देतो आणि माझा पगार महिन्याचा आहे, कमिशनवर नाही. म्हणून मी नाही म्हणू शकते. आधीच्या ठिकाणी तसं नव्हतं, दोन महिन्यांत सोडलं.

म्हणजे सरांचाच मुद्दा, फक्त उलटा. धंदा म्हणजे बेफिकिरी नव्हे. पण त्याने नोकरी कोणाकडे आणि कुठल्या हिशोबाने घ्यायची हे बघावं. बीरला जाऊन नुसतं उडायला शिकून भागणार नाही.

फोंड्याचा विमावाला

भावनांमध्ये मी पडत नाही, कागद सांगतो. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात ठरावीक वगळणुका असतात, त्यात एक्सक्लूजन ०९ म्हणून कलम असतं: साहसी खेळ. शब्द नीट वाचा. "व्यावसायिक म्हणून" भाग घेतल्यामुळे लागलेले उपचार वगळले जातात, असं ते आहे. गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा, स्कायडायव्हिंग, सगळं त्यात मोडतं. म्हणजे मुलगा हौसेने उडतो तोवर एक गोष्ट. ज्या दिवशी तो पैसे घेऊन उडेल त्या दिवशी तीच पॉलिसी हात वर करू शकते. शिवाय आत्ता बहुधा कंपनीचा ग्रुप विमा असेल, तो नोकरीबरोबर जातो.

वैयक्तिक अपघात विमा त्याहून कडक असतो. पुष्कळ पॉलिसींमध्ये हौशी आणि व्यावसायिक असा भेदही नसतो, साहसी खेळ सरळ बाहेर. जीवन विमा घेताना फॉर्मवर छंद विचारतात, तिथे लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, पण पुढे वारसाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. एजंट "लिहू नका" म्हणाला तर एजंट बदला.

पर्वरीकर

एवढी चर्चा झाली, लग्नाचं कोणीच बोललं नाही.

मांद्र्याची आई

सगळ्यांचे आभार. पर्वरीकर, स्थळ असेल तर कळवा, पण मुलीला पठारावर यावं लागेल असं आमचा म्हणतो.

सर, रात्री जेवताना तुम्ही सांगितलेलं विचारलं. लगेच म्हणाला, गेल्या रविवारी. वाळूत बसून राहिले सगळे, समुद्रावर फेस होता, चहा पिऊन परत आले. मला वाटलं होतं त्या दिवशी उडूनच आला, म्हणून मी त्याच्याशी धड बोललेही नव्हते. मग त्या मालवणच्या मुलीचं विचारलं, उड्डाण रद्द झालं तर पैसे कोणाचे जाणार? तेव्हा मात्र गप्प बसला. म्हणाला, हे विचारलंच नाही कोणाला. विम्याचं कलम त्याला वाचून दाखवलं, त्यावर यजमान पहिल्यांदा ताटातून वर बघून बोलले. नोकरी निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत सोडत नाही, असं आत्ता तरी ठरलंय. मनातून काय ते त्यालाच माहीत.

पिशवी उघडली. रिझर्व्हवरची तारीख आधीच्या मालकाच्या वेळची आहे, दोन वर्षं उलटून गेलीत. मी दाखवली तर म्हणतो, यूट्यूब बघून घरीच घडी घालतो, त्यात काय. घालू देऊ का?

भूगोलवाले सर

अजिबात नको, ताई. शनिवारी चार वाजता शाळा सुटल्यावर त्याला पिशवी आणि हार्नेस घेऊन आमच्या हॉलमध्ये पाठवा, तुम्हाला निरोपातून पत्ता पाठवतो. आमच्यातला एक जण घडी घालायला रीतसर शिकलेला आहे. त्याआधी याला हार्नेसमध्ये बसवून तुळईला टांगू आणि रिझर्व्हचं हँडल एकदा खरोखर ओढायला लावू. पुष्कळांनी ते कधीच ओढलेलं नसतं, आणि जुन्या सामानात ते अडकतं का, हे तेव्हाच कळतं. येताना जुनी चादर आणायला सांगा, हॉलची फरशी मुलांनी खडूने रंगवून ठेवलीय. आणि तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, शिपायाला चहाचं सांगून ठेवतो.